एक तृतीयांश शिल्लक

आदिलाबाद, मंगळवार, दिवेलागण

न्यूमोनियातून उठलेल्या सौभाग्यवतींना डॉक्टरांनी संथ श्वसनाची आज्ञा केली आहे. लय मात्र सापडेना. म्हणून अस्मादिकांनी, रेडिओ-दुरुस्तीच्या प्रदीर्घ तपश्चर्येचे स्मरण करून, टायमर चिपवर एक श्वासदीप सिद्ध केला. उजळला की श्वास घ्यावा, मालवला की सोडावा.

प्रथम प्रयोगी दीप पिसाटासारखा लुकलुकला.

"काऊन जी, मी का कुत्र्यावानी धापा टाकू?"

चष्म्याशी असलेल्या आमच्या पुरातन वैरामुळे शंभर मायक्रोफॅरडऐवजी दहाचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा घट, जोडला गेला होता. लहान घट, क्षणात भरे, क्षणात उपसला जाई.

मोठा जोडला. आता तो विजेने सावकाश दोन तृतीयांश भरतो; चिप ते ताडते, दीप मालवते, घट उपसू लागते. एक तृतीयांश उरले की पुन्हा भरू देते. पूर्ण रिता होऊच देत नाही. हे कितीदा वाचले होते, आजच का रुतावे?

"आता जमून राह्यलं," ती म्हणाली. खोकली नाही.

एक तृतीयांश... तिच्यातही तेवढे उरले असेल ना?

दीप उजळला. दोघांनी श्वास घेतला.