मोनालीच्या नावाचा घाट

६ एप्रिल

तलावावर मोनालीच्या नावाने घाट होणार. सरपंच दुलीचंद सांगायला आला होता. पोरीने आपल्या तलावाचं नाव परदेशात नेलं, गावाने एवढं तरी करावं, म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. कोहमाऱ्याजवळच्या अपघातात लेक गेल्यापासून आज पहिल्यांदा तिची आई धनवंता स्वतः उठून चहा ठेवायला गेली.

७ एप्रिल

धनवंता पोटभर जेवली.

१९ एप्रिल

जेसीबी आली. नारळ माझ्या हातून फोडला. बरं वाटलं — खरंच बरं वाटलं.

२२ एप्रिल

काम बघायला गेलो. उत्तरेचा सगळा काठ खरवडून काढलाय. मोनालीने दोन उन्हाळे देवधानाचा रानभात आणि पाण्यातली गवतं लावली होती, ती तिथेच!

जगभरचे तलाव का मरतात, या अभ्यासात ती होती. फिनलंडचे, युगांडाचे, आणि आमचा हा. तलाव काठावर जगतो, बाबा, म्हणायची. उथळ गवतात मासे अंडी घालतात, पाणी निवळतं. हे सगळं मला माहीत होतं. पण दुलीचंद ‘घाट’ म्हणाला आणि मला फक्त तिचं नाव ऐकू आलं.

कलाबाई ढीवर तिथेच उभी होती. ती गवतं मोनालीसोबत तिनेच लावलेली.

“पोरीनं लावलेलं उपटून पोरीचंच नाव लावून राहिलो भाऊ आपण.”

तिलाही कळत होतं. पण धुण्याला पायऱ्या पाहिजे होत्या, म्हणून चूप राहिली. मी तर चूपही नव्हतो. नारळ फोडला.

२३ एप्रिल

धनवंताला सांगितलं. एवढंच म्हणाली — “थांबवा.”

२५ एप्रिल

दुलीचंदकडे गेलो, घाट नको म्हटलं. काठावरचा कचराच होता तो, म्हणाला. पण शेवटी नाव तुमच्या पोरीचं, तुमची मर्जी, सभेत मांडतो. तोवर काम बंद. दक्षिणेचा काठ, तिथलं मूळचं देवधान, अजून शाबूत आहे.

१ मे

ग्रामसभा झाली. दुलीचंदने माझं म्हणणं नीट मांडलं, वावगा शब्द नाही. कोणाचा विरोध नाही. मोनालीचं नाव काढलं.

घाट मात्र होणार, दोन्ही काठांना. दुलीचंदच्या वडिलांच्या नावाने.

मागून कोणीतरी म्हणालं, “म्हातारा त आंघोळीलेच भेत होता!” सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.

४ मे

उद्या जेसीबी दक्षिणेला लागणार. सकाळीच कलाबाई, मी आणि धनवंता चिखलात उतरलो. जमली तेवढी देवधानाची मुळं काढली, माझ्या शेतातल्या बोडीत, त्या छोट्या तळ्यात, नेऊन लावली. यंदा बोडीचं पाणी धानाला सोडायचं नाही.