फोटोतल्या लाकडाची फट

रविवार, संध्याकाळ

जिंकलो! सकाळी वहिनीने मोबाइलवर एका वस्तूचा फोटो दाखवला. पैज अशी: मी ओळखली तर ती महिनाभर माझ्या नोकरीचं नाव काढणार नाही, चुकलो तर उद्या रसायनीच्या कारखान्यात मुलाखतीला जायचं. वीतभर लाकूड, त्याला दोरी, मधे आरपार फट. गुरांच्या गळ्यातलं? की जात्याचं काही? म्हटलं, संध्याकाळी सांगतो, आणि गेलो पळसदरीला भटकायला. धरणावर बसल्यावर पैज विसरलोच. परतताना वाटेत पुढे चाललेल्या माणसाने हात मागे नेऊन कमरेचा कोयता उपसला, आडवी आलेली फांदी छाटली. कमरेवर उरलं नुसतं लाकूड. तीच फट! कोयता अडकवायची आकडी. रोज बघतो, पण कायम कोयत्यासकट.

दारातूनच ओरडलो, "आकडी!"

वहिनी भाकरी थापत होती. "बरोबर हाय. माझ्या बाबांची हाय ती. पन एवढा वेळ लागला व्हय, भावजी?"

"रिकामी होती ना. रिकामी कशी ओळखू येणार?"

"मंग? मी रोज दुसरं काय सांगते तुमाला?"

पैज मी जिंकलो, हे नक्की. मग ती हसत का होती?