सायकलीचा वेग

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

केज, ९ ऑगस्ट १९९४

ती. दादास,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

कॉलेजात रुळले. कॅल्क्युलसची सूत्रं पोरं धडाधडा म्हणतात. अर्थ विचारला की खाली बघतात. म्हणून काल वर्ग मैदानात नेला. म्हाळू नावाच्या विद्यार्थ्याला सायकलवर बसवलं आणि विचारलं, त्या खांबापाशी, अगदी त्या क्षणी वेग किती? पोरं घड्याळं घेऊन तावातावानं भांडली!

आमचे विभागप्रमुख अर्जुनराव सर खिडकीतून बघत होते. म्हणाले, हा तमाशा बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी नेमणूक विसरा. काय करू?

वहिनींना नमस्कार. माया असू द्यावी.
तुझी वर्षा

तेलगाव, १६ ऑगस्ट १९९४

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

गणिताच्या बाई सायकल शिकवतात म्हणून तुझी वहिनी गंगासागर लई हसली. मला मात्र घोर लागला. नोकरी कच्ची हाय, सरांशी वाकडं घेऊ नको.

पण मी कॉलेज सोडून कापडदुकानात कावून बसलो, ते तुला ठाऊक हाय. काही विचारलं की मास्तर पाठ कर म्हणायचे. तेव्हा मागं हटू नको. चोरून मात्र करू नको. सरांनाच वर्गात बोलाव.

तब्येत जप. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा मन्मथदादा

केज, ३० ऑगस्ट १९९४

ती. दादास सा. न.

बोलावलं! सर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. स्वप्नाली नावाच्या मुलीला उभं केलं, डेरिव्हेटिव्हची, म्हणजे त्या क्षणाच्या वेगाचीच, व्याख्या विचारली. तिनं बिनचूक सांगितली. सर बसायला वळले, तर तिनंच विचारलं, सर, एका क्षणात वेळ शून्य, अंतरही शून्य. मग वेग येतो कुठून?

सरांनी माझ्या हातातला खडू घेतला. वेळ शून्य करायचाच नाही, म्हणाले. लहान लहान करत न्यायचा आणि वेग कोणत्या आकड्याकडे सरकतो ते बघायचं. हे सगळं मराठीतून, फळाभर आकृत्या काढून! घंटा झाली तरी कुणी उठेना. सरांच्या कोटावर खडूची पांढरी धूळ.

जाताना म्हणाले, इतकी वर्षं शिकवतो, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दारातून परत आले. मला वाटलं, आता नेमणुकीचं काढणार. तर म्हणाले, उद्या मी येईपर्यंत तास सुरू करू नका.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो.
तुझी वर्षा