ओढ्याच्या वळणावरची गळती

तात्या, कालव्यावरची तुमची चारी मी गेल्या महिन्यात पुन्हा मोजली. या वेळी वरच्या दारापासून टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत, सगळी, पायी. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुम्ही जेवता जेवता सांगितलेलं खरं होतं, हे मला आत्ता पटलं आहे. ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मी पुण्यात कालव्यांतल्या प्रवाहावर संशोधन करत होते आणि तुम्ही नेवाशाकडच्या त्या चारीवर पाटकरी होता. आवर्तनाचं पाणी सुटलं की पाळीप्रमाणे दारं उघडायची, बंद करायची, सायकलवरून काठाकाठाने फिरायचं. टेलच्या शेतकऱ्यांना पाणी पोचेना, तक्रारी वाढल्या आणि मोजणीसाठी आमच्या गटाला बोलावलं गेलं. आदल्या संध्याकाळी मी घरी आले. आई भाकरी थापत होती, तुम्ही चुलीजवळ जेवायला बसला होता. म्हणालात, "बाई, वड्याच्या वळनाला नीट मोज. पानी कुनी चोरत न्हाई. तिथं खालच्या खडकाला भेगा हायेत, त्यातनं जातंय. आवर्तन सुटलं की दोन दिसात खालच्या मळ्यातली हीर चढती. लई वर्सं बघतोय मी." मी हसले. "तात्या, विहिरी बघून संशोधन होत नसतं." आईचा हात थांबला. तुम्ही उरलेली आमटी संपवलीत आणि ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे यंत्र घेऊन चारीत उतरलो. ते पाण्यात धरलं की त्याची फिरकी फिरते आणि तिच्या फेऱ्यांवरून पाण्याचा वेग कळतो. वरच्या दाराशी मोजलं आणि ओढ्याकडे निघालो. लांबूनच तुम्ही दिसता. खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, पाय चिखलाने भरलेले. आम्हाला उतरता यावं म्हणून बाभळीची एक फांदी ओढून धरून उभे आहात. बरोबरचा एक जण विचारतो, "हे कोण?" मी म्हणते, "इथले पाटकरी." एवढंच. आणि तुम्ही मला हाक मारायच्या आत, ऊन वाढतंय असं सांगून, मी सगळ्यांना ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पुढे नेते. वळणावर आम्ही मोजलंच नाही. एकदम टेलजवळ मोजलं, तर मधलं बरंच पाणी नाहीसं झालेलं. मधली दारं पाळीबाहेर उघडली जात असावीत, असं मी अहवालात लिहिलं. 'असावीत' लिहिलं होतं, तात्या. पण तो शब्द कुणी वाचला नाही.

मधली दारं तुमच्या ताब्यात होती. महिन्याभरात तुम्हाला चारीवरून काढून गोदामात बसवलं. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "सोताच्या पोरीनंच धरलं याला." हे सांगताना आई फोनवर रडली. मग तुम्ही फोन घेतलात आणि विचारलंत, "जेवलीस का?" रागावला असतात तर मला काहीतरी बोलता आलं असतं. निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्या गोदामात गंजलेल्या झडपा आणि सिमेंटची पोती राखत बसलात. मी दिवाळीला यायचे तेव्हा आपण शेजाऱ्यांच्या म्हशीविषयी बोलायचो, माझ्या खोकल्याविषयी बोलायचो. चारीचं नाव तुम्ही काढलं नाहीत. मीही नाही.

गेल्या महिन्यात, जुन्या चाऱ्यांतून किती पाणी मुरतं ते पाहायला, मी पुन्हा तिकडे गेले. वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे मोजलं. पाणी तेवढ्याच तुकड्यात घटत होतं आणि तिथे एकही दार नाही. मग वरच्या अंगाला पाण्यात मीठ विरघळवून सोडलं आणि खालच्या मळ्यातल्या विहिरीवर यंत्र लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीतला खारटपणा वाढायला लागला. मळ्याच्या मालकीणबाई हातातलं धुणं टाकून जवळ आल्या. आता खूप थकल्या आहेत. "तात्यांची पोर ना गं तू? ही हीर चारीचं पानी पिती, आसं ते कवाच म्हनले हुते. तुला न्हाई सांगितलं व्हय?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.  पेन बंद करून मी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिले.

नवा अहवाल गेला आहे. तेवढ्या तुकड्याला आतून सिमेंटचं अस्तर करायचं ठरलं आहे, म्हणजे टेलला पाणी पोचेल. कामात कुणाकुणाची मदत झाली ते शेवटी लिहायचं असतं. तिथे मी 'स्थानिक कर्मचाऱ्याने दिलेली माहिती' एवढंच लिहिलं आहे. तुमचं नाव दोनदा टाईप केलं आणि दोनदा पुसलं. हे पत्र निदान आईला तरी वाचून दाखवावं, असं मनात होतं, पण तेही होणार नाही. तुमचं नाव का नाही घातलं, असं तिने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, नियमात बसत नाही. असा काही नियम नाही, तात्या. आपलं आडनाव एकच आहे, ते बघून 'हे तुमचे कोण?' असं कुणीतरी मला विचारेल, याची भीती वाटली.