बायकोचा प्रबंध मेमरीतून काढताना

रविवार, २ जून. दुपार
कॉम्प्युटर फार स्लो झाला होता, म्हणून उघड्या असलेल्या बारा विंडो एका दमात बंद केल्या. एकीने काहीतरी विचारलं, मी 'नो' दाबलं. ते बायकोच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण निघालं. सकाळपासून टाइप करत होती, एकदाही सेव्ह नाही. ऑटोसेव्ह मीच मागे बंद केलं होतं, स्पीडसाठी. शनिवारी प्रबंध जमा करायचाय. चूक दोघांची, पण मी तसं बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळ
नेटवर वाचलं. वीज चालू आहे तोवर पुसलेला मजकूरही मेमरीत पडून असतो. पोलीस असाच पुरावा काढतात, त्याला डिजिटल फॉरेन्सिक्स म्हणतात. बायकोला सांगितलं, उद्या प्रकरण तुझ्या हातात. तिने आपली टिपणं गोळा करून पिशवीत भरली. विश्वास असावा.

सोमवार
रजा टाकली. प्लगवर कागद चिकटवला: हात लावू नये. सासूबाई आल्या. त्यांनी वायरकडे नुसतं पाहिलं आणि मी मध्ये जाऊन उभा राहिलो. त्यांना लांब बसायला सांगितलं. त्या लेकीला म्हणाल्या, जावयांना काम करू दे, तू माझ्याकडे चल. दोघी गेल्या. शांतता मिळाली, बरंच झालं.

मंगळवार. दुपारी ४
आठ तासांचा व्हिडिओ कोर्स लावलाय. पाचव्या तासाला मास्तर म्हणाले, ज्या मशीनमधून पुरावा काढायचा त्यावर दुसरं काही चालवू नका, नवीन मजकूर जुन्यावर बसतो. मी कोर्स त्याच मशीनवर बघत होतो. हे पहिल्या मिनिटाला सांगायला नको? लगेच लेखी तक्रार केली. त्याच मशीनवरून.

बुधवार
मेमरी पेन ड्राइव्हवर उतरवली. ऑफिसचा हार्डवेअरवाला फोनवर म्हणाला, सर, सोडा नाद, वहिनींना परत लिहू द्या. या लोकांची झेप तेवढीच. बायकोचा फोन नाही. मीही केला नाही. करीन तो प्रकरण हातात आल्यावरच.

गुरुवार
दिवसभर शोध. मास्तरांचं नाव एकशे नव्वद वेळा सापडलं. प्रकरणाची दोन वाक्यं, तीही अर्धी. बसवत नाही, येरझारा घालून पाय दुखतायत.

शुक्रवार. सकाळी ११
सापडलं. प्रकरण नाही, पण त्याच फाइलच्या शेवटी तिने लिहिलेलं ऋणनिर्देशाचं अख्खं पान. त्यात तीन ओळी माझ्यावर: "नोकरी, घर आणि हा प्रबंध एकदम ओढताना मी कितीदा तरी रडले. दर वेळी नवरा शेजारी येऊन बसला. काही सुचवलं नाही, नुसता बसला." सहा वेळा वाचलं. डोळे भरून आले. प्रिंट काढली. उद्या सकाळीच नेऊन देतो, खूश होईल.

शनिवार
सासूबाईंकडे पोचलो तर दोघी प्रबंध जमा करून आलेल्या. शेवटचं प्रकरण तिने चार दिवसांत हाताने पुन्हा लिहिलं, मेहुणीने टाइप केलं. एक प्रत टेबलावर होती. आधी ऋणनिर्देश उघडला. गाइड, आई, बहीण, ग्रंथालयातल्या बाई. पान उलटलं, मागे कोरं. प्रिंट तिच्यापुढे धरून म्हटलं, माझ्या तीन ओळी राहिल्या. तिने शांतपणे वाचलं, कागद परत दिला आणि म्हणाली, जेवढं आठवलं तेवढं लिहिलं.

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.