कंबरेवरचा वण

सुभानपुरा, बडोदे

प्रिय दादा,

भाऊबीजेला तू पाटावरून तसाच उठून गेलास. ओवाळताना माझा पदर सरकला आणि कंबरेवरचा वण तुला दिसला, एवढंच झालं होतं. 'हे माझ्यामुळे,' म्हणालास आणि फराळालाही न थांबता समा भागातल्या तुझ्या घरी परत गेलास. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी वणाविषयी. तुला किडनी दिली त्या शस्त्रक्रियेची जखम भरताना तिथली कातडी गरजेपेक्षा जास्त भरली, म्हणून वण उंच आणि लाल झाला. तो जखमेच्या हद्दीबाहेर पसरलेला नाही. सयाजीगंजमधल्या त्वचेच्या डॉक्टरांच्या मते हे चांगलं लक्षण. मी सिलिकॉनची पट्टी लावते, दर महिन्याला वणातच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेते. ते दुखतं. दुखत नाही असं लिहिलं तर तुला पटणार नाही. वण आता मऊ पडतो आहे. लाली राहिलीच तर लेसर. कापून काढायचा नाही, कारण तो पुन्हा, कदाचित आणखी मोठा येऊ शकतो. मध्यंतरी आईनं हळद-तूप चोळलं आणि पुरळ उठलं. मी रागावले तर म्हणाली, "तू तुझ्या प्लांटमधले वॉल्व्ह सांभाळ, लेकीची कातडी मला कळते."

परकराची नाडी नेमकी तिथेच घासते, म्हणून हल्ली मी साडी नेसत नाही. त्या दिवशी तुला ओवाळायचं होतं म्हणून नेसले.

काल नयनावहिनी मी काम करते त्या प्लांटच्या गेटवर येऊन थांबली होती. तुझ्या पायांना सूज आहे आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं आहे, म्हणजे किडनी नीट चालत नाही, एवढं तिनं शांतपणे सांगितलं आणि मग रडली. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्या तू भाऊबीजेपासून घेत नाहीस. विचारलं की म्हणतोस, बहिणीला चिरून मिळालेलं आयुष्य मला पचत नाही.

दादा, वणावर उपाय आहेत, ते वर लिहिले. ती किडनी तू घालवलीस तर मात्र माझ्याकडे उपाय नाही. उरलेली मला लागते. हे पत्र वहिनीच्याच हाती देते आहे. वाचून झालं की तिच्याबरोबर लगेच दवाखान्यात जा आणि ते सांगतील तशा गोळ्या पुन्हा सुरू कर. मला काही कळवलं नाहीस तरी चालेल. रक्ताच्या रिपोर्टात दिसेल.

रागावलेली, पण तुझीच,
निरुपमा