लेप्याच्या कातडीवरचा चिकटा

१२ जानेवारी १९९८
कडं आलं! लेपा म्हणजे चपटा समुद्री मासा, त्याच्या कातडीवरचा चिकटा कागदी चकतीला लावून जंतूंच्या थाळीत ठेवला होता. सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल — एक जंतू नाही! माशाच्या अंगातच जंतू मारणारी पेप्टाइडं असतात, हे दोन वर्षं सांगतेय. माझे गाइड गंधे सर हसायचे — "समुद्र कुठं, नगर कुठं, माधुरी!" आज तेच थाळी उजेडाला धरून बघत राहिले.

३ फेब्रुवारी
पुण्याच्या परिषदेची पुस्तिका आली. निबंध माझा, शब्द न् शब्द. नावं दोन — सर आणि त्यांची पुतणी रुचा. रुचानं मासा हातात धरलेला मी कधी पाहिला नाही. विचारलं तर म्हणाले, "तुम्हा लोकांना सगळं लगेच पाहिजे असतं."
तुम्हा लोकांना! मी पुस्तिका टेबलावर ठेवून बाहेर आले. त्याचाच जास्त राग येतोय.

१७ फेब्रुवारी
मासे आणायला नेहमीच्या मासेवाल्या झुंबरबाईकडे गेले. सहज बोलली, "ताई, घाई न्हाई. बंदरावरून येताना बर्फातच औषदाची पूड टाकत्यात, मासा नासत न्हाई." पेटीच्या तळाचं पाकीट दाखवलं. टेट्रासायक्लिन. जंतू मारायचंच औषध!
पेटीतलं पाणी बाटलीत भरून आणलं. नुसतं पाणी थाळीत लावलंय.

१८ फेब्रुवारी
कडं आलं. तेवढंच मोठं.
पाणी आधीच तपासायला हवं होतं. चूक माझी.

१९ फेब्रुवारी
सर म्हणाले, "हे कुणाला बोलायचं नाही. पीएच.डी. पाहिजे ना?"
दुपारी परिषदेला पत्र टाकलं. सगळं लिहिलं, खाली माझी सही.

९ एप्रिल
परिषदेच्या पत्रिकेत सरांचा खुलासा — "नमुने आणणाऱ्या माधुरी साळवे यांच्या निष्काळजीपणामुळे..." लॅबची किल्ली काढून घेतली.
आईला वाचता येत नाही. पत्रिका हातात घेऊन म्हणाली, "तुजं नाव हाय का गं ह्यात?"
म्हटलं, आहे.

२४ एप्रिल
रत्नागिरीहून पत्र. कुणी सुनीती मॅडम, परिषदेच्या समितीवरच्या. परिषदेकडे आलेलं माझं पत्र त्यांनी वाचलं. "स्वतःची चूक स्वतः कळवणारी मुलगी मला लॅबमध्ये हवी आहे. या."

६ मे, रत्नागिरी
काल होडीवरच जिवंत लेप्याचा चिकटा काढला. बर्फ नाही, पूड नाही. आज सकाळी कडं — बारीक, पण माशाचं!